तार नसलेल्या पोर्टचा दिवा

आधीच सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायला नको. मी लिंबू-मिरचीवाली बाई नाही. आमच्या सोसायटीत अमावास्येला दारात नारळ ओवाळून फोडणाऱ्या दोघी-तिघी आहेत. मी जाते त्यांच्याकडे, पण खोबऱ्यासाठी. या सदरात तुम्ही सगळे जे लिहिता ते मी चहाबरोबर वाचते आणि सुनेला वाचून दाखवून हसतेसुद्धा. घाटातली बाई, पांढरी साडी, उलटे पाय… अहो, एवढ्या बायका घाटात उभ्या राहायला लागल्या तर त्यांच्या घरी भाकरी कोण थापतं? असं म्हणणारी मी. आणि आज मीच मोबाईलवर एका बोटानं हे टाईप करत बसले आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या गोष्टीत घाट नाही, रात्र नाही, की पिंपळ नाही. भर दुपारची वेळ, ताथवड्यातला आमचा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, डायनिंग टेबल, आणि माझ्यासमोर मेथीची जुडी. बस, एवढंच.

टेबलाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझी सून अश्विनी. ती घरूनच काम करते. तिची कंपनी नेटवर्कची स्विचेस बनवते. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे हं, मलाही आधी तसंच वाटलं होतं. चपटी लोखंडी पेटी असते, पुढच्या बाजूला तार खुपसायची भोकं, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक पोर्टवर एक इवलासा हिरवा दिवा. एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवणं हे त्या पेटीचं काम. ते बोलणं म्हणे बारीक बारीक पाकिटांतून जातं. अशी एक पेटी तिनं टेस्टिंगसाठी घरी आणली होती. माझा जुना टॉवेल खाली घालून टेबलावर ठेवलेली. पंखा असा घोंघावायचा की कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत.

मला हे सगळं लवकर समजलं, कारण मी स्वतः टेलिफोन ऑपरेटर होते. पिंपरीत एका मोठ्या कारखान्यात. शिक्षण म्हणाल तर सातवी. लागले होते कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला. बोर्डाच्या खोलीत चहा द्यायला जायचे आणि तिथंच बघत उभी राहायचे. तिथल्या मुख्य ऑपरेटर मालनताई एक दिवस म्हणाल्या, "उभी काय राहतेस गं खांबासारखी? बस. कानाला लाव हे." त्या दिवसापासून पोळ्या सुटल्या. आमच्या बोर्डावरही असेच दिवे होते. कारखान्यात कुठंही कोणी रिसीव्हर उचलला की इकडं त्या लाईनचा दिवा लागायचा. मग आपण दोरी खुपसायची, "बोला" म्हणायचं, आणि दोरीचं दुसरं टोक हवं त्या भोकात. म्हणजे मीही एक स्विचच होते की हो! अश्विनीला हे मी सांगितलं तेव्हा ती खूप हसली. "आई, तुम्ही आमच्या सीनियर निघालात."

तर त्या आठवड्यात अश्विनीकडं एक काम आलं होतं. त्यांच्यात पद्धत अशी — एकानं प्रोग्राममध्ये काही बदल लिहिला की दुसऱ्यानं तो ओळ-ओळ वाचायचा आणि मगच ओके म्हणायचं. तिनं ओके म्हटल्याशिवाय बदल पुढं जात नाही. हा बदल सौरभनं लिहिला होता. सौरभ तिच्याच टीममधला, हुशार, जिभेनं जरा तिखट.

"काय बदल केलाय त्यानं?" मी विचारलं.

"पूर्वी एक पाकीट आलं की लगेच पुढं धाडायचो. आता गठ्ठा जमला की एकदम धाडायचे. त्यानं वेग खूप वाढतो."

"म्हणजे डांगे चौकातली शेअर रिक्षा. भरल्याशिवाय हलायचं नाही."

"अगदी तीच! पण आमची रिक्षा शहाणी आहे. नाही भरली तर थोडा वेळ थांबून सुटते. त्यासाठी टायमर ठेवलाय."

झालं, माझं समाधान झालं. तिचंही झालं होतं जवळजवळ. सगळ्या टेस्ट पास होत होत्या. पण कुठंतरी तिचं बोट अडत होतं. दोन दिवस ती तेच-तेच पान वरखाली करत होती. याआधी एकदा तिनं एक बदल असाच अडवून धरला होता आणि शेवटी त्यात काही निघालं नव्हतं. तेव्हापासून टीममध्ये तिचं नाव पडलं होतं, स्पीडब्रेकर. हसत म्हणायचे सगळे, पण हसत म्हटलेलंच जास्त टोचतं, नाही का?

आणि घाई होती ती गुरुवारची. आपल्याकडं बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, तुम्हाला माहीतच आहे. चाकणच्या एका प्लँटमध्ये या पेट्या बसवलेल्या होत्या. तिथं नवा प्रोग्राम घालायचा तर लाईन बंद असतानाच, म्हणजे गुरुवारीच. त्या प्लँटमध्ये अश्विनी एकदा जाऊन आली होती. तिथल्या मशिनी, कॅमेरे, सगळं याच जाळ्यावर. प्लँटच्या पार मागं सांडपाण्याची शेड आहे, तिथं पाळीला एकच माणूस असतो. मोबाईलला रेंज नाही, मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. त्याच्यासाठी भिंतीवर मदतीचं एक लाल बटण आहे. दाबलं की फर्स्ट एडच्या खोलीत घंटा वाजते. तो माणूस हिला म्हणाला होता, "मॅडम, दिवसभर इकडं कुत्रं फिरकत नाही. हे बटण हाय म्हणून बायको कामावर सोडती." त्या बटणाची तारही अशाच एका पेटीतून जाते.

आता बुधवारचं ऐका. जेवणं झाली होती. गर्दीची शेवटची टेस्ट, म्हणजे लाखांनी पाकिटं सोडून पेटी दमते का ते बघायचं, तीही पास झाली. अश्विनीनं सुस्कारा सोडला, खुर्ची मागं ढकलली आणि म्हणाली, "चला, टाकते ओके. उगाच वेड्यासारखी बसलेय." ती लॅपटॉपकडं वळली. पेटीतले दिवे एकेक करून शांत झाले. मी मेथीचे देठ गोळा करत होते.

आणि पार टोकाच्या पोर्टवरचा दिवा लागला.

आधी लांब. मग विझला. मग दोनदा छोटा, चुटपुटता. मग काहीच नाही.

त्या पोर्टमध्ये तार नव्हती. दोन-तीन तारा होत्या त्या दुसऱ्या टोकाला. हे टोक माझ्या परातीला लागून होतं, माझ्या डोळ्यासमोर, वीतभर अंतरावर. मी बघत राहिले. परत तेच झालं. एक लांब… आणि दोन छोटे.

आणि माझ्या तोंडून, खरं सांगते, मी ठरवून नाही, कित्येक वर्षांत न उच्चारलेलं वाक्य निघालं : "पंप हाऊस, बोला."

अश्विनीनं मान वळवली. "काय म्हणालात?"

मी नुसतं बोट दाखवलं. आणि तिच्यासमोर तो दिवा तिसऱ्यांदा लागला. एक लांब, दोन छोटे.

इथं थोडं थांबून तुम्हाला गेनूभाऊंबद्दल सांगायला हवं.

गेनूभाऊ आमच्या कारखान्याच्या पंप हाऊसवर होते. तिथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी, थेरगावचे. पंप हाऊस कारखान्याच्या पार मागच्या कुंपणाला, तेही दिवसभर एकटेच. त्यांच्या फोनचा खटका ढिला झाला होता. रिसीव्हर उचलला की बोर्डावर दिवा सरळ लागायचाच नाही, आधी एक लांब आणि मग दोन छोटे असा अडखळत लागायचा. नंबर बघायची गरज नाही, दिवा बघूनच आम्ही म्हणायचो, "पंप हाऊस, बोला." अख्ख्या बोर्डावर सगळ्यात गप्प लाईन ती. कोण कशाला पंप हाऊसला फोन करतंय? पण मालनताईंचा एक नेम होता. दुपारची कॉलची गर्दी ओसरली की त्या स्वतःहून तिथं घंटी द्यायच्या. "गेनूभाऊ, आहात का?" आणि तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, "हाय हाय, अजून हाय." आम्ही हसायचो. मी एकदा म्हटलंही, ताई, उगाच कशाला? तर म्हणाल्या, "जिथनं आवाज येतो तिकडं सगळेच बघतात गं. जिथनं येत नाही तिकडं आपणच बघायचं."

एका दुपारी कारखान्यात मोठे पाहुणे आले होते. बोर्ड नुसता पेटला होता, आम्हा दोघींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या सगळ्या दिव्यांत तो एक अडखळता दिवा लागला. मालनताईंनी दोरी घातली, "बोला, बोला गेनूभाऊ" केलं. तिकडून नुसता पंपाचा आवाज. माणसाचा आवाज नाही. ताईंनी लगेच दवाखान्याची लाईन घेतली, तर ती एका साहेबांनी अडवलेली. बाईंनी काय करावं? साहेबांची दोरी सरळ उपसली! बोलता बोलता साहेब हवेत! दवाखान्यातली माणसं पळत गेली. गेनूभाऊ छाती धरून जमिनीवर पडले होते, रिसीव्हर हातात लोंबत होता. वाचले. साहेब तरातरा बोर्डाच्या खोलीत भांडायला आले, आणि कारण कळल्यावर स्वतःच ताईंसाठी चहा मागवून गेले.

रिटायर झाले तेव्हा गेनूभाऊ पेढे घेऊन आले. आम्हाला पेढे दिले, आणि हात जोडले ते बोर्डावरच्या त्या दिव्याला. "ताई, तुमचं उपकार हायतच. पर ह्यो पेटला म्हून मी हाय." पुढं खूप वर्षं जगले, नातवंडं खेळवली, झोपेतच गेले. त्यांची मुलगी कासारवाडीत असते, तिनं सांगितलं होतं. मालनताईही गेल्या. बोर्ड तर केव्हाच भंगारात गेला. त्या अडखळत्या दिव्याची खूण सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कोणी नाही. आणि अश्विनीला मी गेनूभाऊंचं कधीच सांगितलं नव्हतं. आठवणच निघाली नव्हती.

तर आमच्या टेबलावर तो दिवा.

अश्विनी उठली, पोर्टमध्ये बोट घालून बघितलं, पेटी उचलून खालून बघितलं. माझ्यासारखी ती घाबरत नाही, चिडते. "लूज काहीतरी असेल," म्हणत लॅपटॉपवर त्या पोर्टचा हिशेब उघडला. त्यात किती पाकिटं आली, किती पुढं गेली, ते दिसतं. ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, इकडं या."

आलेलं पाकीट — एक. पुढं गेलेलं — काही नाही.

"पण तार नाही ना त्याला?"

"तेच तर. तार नाही, म्हणजे येणारच कुठून?" तिनं आकडे पुसले. आम्ही दोघी पेटीकडं बघत उभ्या. दिवा लागला. एक लांब, दोन छोटे. स्क्रीनवर पुन्हा तेच. एक आलेलं. पुढं काही नाही.

"कोणीतरी आत बसून राहिल्यासारखं," ती पुटपुटली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीतीचा नव्हे हो… कसं सांगू? ओळखीचं माणूस फाटकाशी उभं असावं आणि आपल्याला फाटक उघडता येऊ नये, तसं झालं.

तेवढ्यात सौरभचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला.

"काय मॅडम, स्पीडब्रेकर उतरला का? उद्या गुरुवार आहे, राव. चाकणवाले डोकं खातायत."

"सौरभ, एक तास दे."

"आता काय राहिलंय? सगळं हिरवंगार आहे!"

"एक तास म्हटलं ना."

"घ्या, घ्या. मी कंपनीच्या गेटवर चादर अंथरून बसतो." फोन ठेवला. अश्विनीचे कान लाल झाले होते. कारण काय सांगणार होती त्याला? तार नसलेल्या पोर्टवर दिवा लागला म्हणून ओके देत नाही? जन्मभर पुरलं असतं त्यांना हसायला.

पण पोरीनं तेच केलं जे मालनताईंनी केलं असतं. गप्प लाईनकडं बघितलं. तिनं एक खरी तार घेतली, टोकाच्या त्या पोर्टमध्ये खुपसली, बाकी सगळं बंद केलं आणि लाखभर नाही, फक्त एक पाकीट सोडलं. एकटं.

आलेलं, एक. पुढं गेलेलं, काही नाही.

"टायमर आहे म्हणालीस ना?" मी.

"आहे. सुटायला हवं आता." आम्ही थांबलो. मी चहा टाकला, उकळला, गाळला, आणून ठेवला. पाकीट आपलं आतच. पेटीचा पंखा घोंघावतोय आणि ते तिथं बसलंय, सोबतीची वाट बघत. मग अश्विनीनं दुसरं पाकीट सोडलं. थोड्या वेळानं दोन्ही एकदम पुढं गेली.

तिनं कपाळावर हात मारला आणि सौरभच्या ओळींत पुन्हा घुसली. चहा निवला तिचा. मग सापडलं. पहिलं पाकीट आलं की घड्याळ सुरू व्हायला हवं होतं, ते दुसरं आल्यावर सुरू होत होतं. एवढीशी चूक. गर्दीत कधी कळलीच नसती, कारण गर्दीत दुसरं लगेच मागं येतंच. आणि ही मंडळी टेस्ट करतात ती कायम गर्दीचीच. पेटी दमते का बघायचं असतं ना! एकट्यासाठी कोण टेस्ट लिहितंय?

"पण चाकणचं ते बटण…" ती म्हणाली आणि थांबली. ते बटण जुन्या पद्धतीचं. एकदा दाबलं की एकच पाकीट सोडतं. आणि त्या लाईनवर दुसरं कोणी बोलतच नाही.

तिनं सौरभला फोन लावला. नीट, न रागावता सांगितलं. मग तो म्हणाला, आणि या वेळी मॅडम म्हणताना चेष्टा नव्हती, "मॅडम… मी पण त्या शेडमध्ये गेलोय. त्या काकांनी मला चिक्कू दिले होते." मग लगेच, "थांबवा. साहेबांना मी सांगतो, माझी चूक आहे म्हणून सांगतो." आणि शेवटी, "पण तुम्हाला सुचलं कुठून एक पाकीट सोडायचं?"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. "घरात सीनियर आहेत माझ्या," एवढंच म्हणाली.

मी काही केलं नव्हतं हो. मी मेथी निवडत होते. मला त्या पेटीतलं एक अक्षर कळत नाही.

तो गुरुवार हुकला. ओरडा बसला दोघांनाही. पुढच्या गुरुवारी दुरुस्त केलेला प्रोग्राम चाकणला चढला. सौरभ स्वतः गेला, मागच्या शेडमध्ये जाऊन त्या काकांकडून बटण दाबून घेतलं. फर्स्ट एडची घंटा वाजली तशी तिथली बाई पळतच आली आणि कोणाला काही झालेलं नाही बघून दोघांना तोंडभर बोलली. खरंखुरं बटण दाबायची वेळ त्या काकांवर अजून आलेली नाही. कधी येऊही नये.

आता राहिलं त्या दिव्याचं. त्या दुपारनंतर तो दिवा कधी लागला नाही. मी कितीदा तरी परात घेऊन शेजारी बसले, मुद्दाम. अश्विनीनं पेटी कंपनीत परत दिली तेव्हा हार्डवेअरवाल्यांकडून तपासून घेतली. काही दोष नाही म्हणाले. सौरभ म्हणतो, स्थिर वीज असेल, मेमरीत कचरा असेल. असेल बाबा. पण कचरा अडखळून कसा लागेल? एक लांब आणि दोन छोटेच का? या प्रश्नावर तो डोकं खाजवतो, अश्विनी चहा टाकायला उठते, आणि मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा. हसलात तरी चालेल, मीही हसायचेच.

फक्त एक झालं. त्या संध्याकाळी मी अश्विनीला गेनूभाऊंचं सगळं सांगितलं. मालनताईंच्या दुपारच्या घंटीचंही. ती ऐकून घेऊन सरळ आत गेली. नंतर कळलं, त्यांच्याकडं रोज ज्या टेस्ट आपोआप चालतात त्यांच्या शेवटाला तिनं एक नवी जोडली. गर्दीच्या सगळ्या टेस्ट संपल्या, पेटी शांत झाली की एकटं पाकीट सोडायचं आणि ते पोचतं का बघायचं. टेस्टला नाव द्यावं लागतं. तिनं 'गेनू' दिलं. कंपनीत कोणाला ठाऊक नाही गेनू कोण. त्यांच्या बंगळुरूच्या ऑफिसातल्या एकानं विचारलंसुद्धा, ही कुठली नवी टेक्नॉलॉजी म्हणून.

आता रोज संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत असते तेव्हा ती लॅपटॉप मिटता मिटता आतून ओरडते, "आई, गेनू पोचला हो!"

आणि मी मनातल्या मनात म्हणते, हाय हाय, अजून हाय.